‘कीप’ची वही

मनीषनगर, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सुमती,

तुझ्या आईचा जय भीम. जावई अंकुशरावालेबी सांग. इकडे सारं ठीक आहे, तिकडे ठीक असन, असं लिहा लागते म्हणून लिहिलं.

तीन वर्षं झाले, तू माझा फोन उचलत नाही. फोन कापता येते, म्हणून कागद धाडून राहिली. चुलीत टाकाचा तर टाक, पण पहिले वाच. चौथी शिकलेल्या बाईले एवढं लिहाले तीन दुपारी लागल्या, तुले वाचाले अर्धा घंटा जाईन. तेवढ्यात तुझी संत्री सडून नाही जात.

माझे गुडघे दुखते. नळ दिवसाआड येते. बिल्डिंगची लिफ्ट बंद आहे तर बंदच आहे. आपल्या वरच्या, दुसऱ्या मजल्यावरची पुष्पलताबाई, ती रिटायर नर्स, तुझ्या बाबाले शेवटी इंजेक्शन द्याले येत होती ती, दवाखान्यात आहे. तब्येत बिघडली. वय झालं.

आता मेघाचं सांगते. त्याच्यासाठीच लिहून राहिली.

पोरगी तुझी बारीक झाली आहे. जेवते, पण ताटात पाहून नाही जेवत, फोनात पाहून जेवते. जूनमध्ये नोकरी लागली तेव्हा तुले निरोप धाडला होता की मिहानात, त्या मोठ्या कंपन्यायच्या वसाहतीत लागली. तसं नाही होय. मिहानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, मिहानात नाही. आतल्या गल्लीत एक बिल्डिंग, खाली टाइल्सचं दुकान, वर हापिस. पाटी नाही. एक दिवस ती डबा विसरली, मी ऑटो करून द्याले गेली. चौकीदारानं वर जाऊ नाही दिलं. नाव बी नाही विचारलं. मोबाइल काढून माझा फोटो काढला अन् म्हणे, जा आता.

पहिला महिना त्यायनं नुसतं शिकवलं. जितेंद्र म्हणून कोणी सर आहे त्यायचा. त्यानं पोरीले इंग्रजीचा एकच शब्द दिला. कीप. म्हणे हा एक पक्का झाला का अर्धं काम झालं. रोज त्याचे पाच वाक्यं वहीत लिहाचे अन् घरी मोठ्यानं म्हणाचे. दोन खोल्यांचं घर, ती म्हणन तर मी ऐकणार नाही का? मीबी शिकली.

कीप म्हणजे ठेवणं, हे पहिलं. पिशवी तिथं ठेव, तर कीप. मग म्हणे गप्प राहणंबी कीपच. कुत्रं पाळणं कीप, दिलेला शब्द पाळणं कीप, दार राखणं कीप. दूध टिकत नाही तर म्हणे ते कीप होत नाही. कोणाले तासभर बसवून ठेवलं तरी तोच. बगिच्यात गवतावर पाय नोको देऊ, त्या पाटीवरबी तोच. चालत राहा, बोलत राहा, त्यातबी हा आहेच.

मी म्हटलं, "बोलत राहा हे शिका कायले लागते वं? नागपूरचे लोकं जन्मापासून तेच करून राहिले."

पोट्टी हासली. मग म्हटलं, "हा शब्द होय का घरातली थोरली सून? भांडे तिनंच घासाचे, पाणी तिनंच भराचं, म्हातारीचे पाय बी तिनंच दाबाचे."

आणखी हासली. तेव्हा हासत होती.

खरं सांगते, मले आवडला तो शब्द. आपण ठेवतो, पाळतो, राखतो, टिकवतो, रोखून धरतो, एकेका कामाले एकेक गडी. इंग्रज कंजूस, एकाच गड्याकडून सारं उरकून घेते. मी विचारलं, "शील पाळतो आपण, ते?" म्हणे, "तेबी कीप, आजी." म्हटलं मग काही वाईट नाही.

पण वाक्यं बदलत गेले. पहिल्या महिन्यात त्यायच्या वाक्यात वस्तू ठेवत होते. पुस्तक, पिशवी, दूध. दुसऱ्या महिन्यापासून माणसं ठेवाले लागले. कीप युवर कॅमेरा ऑन. कीप द डोअर लॉक्ड. कीप धिस बिटवीन अस. डोन्ट कीप द ऑफिसर वेटिंग.

मी अर्थ विचारला. तिनं सांगतला. कॅमेरा चालू ठेवा. दार लावून ठेवा. हे आपल्यातच ठेवा. साहेबाले ताटकळत ठेवू नका.

"कोणत्या साहेबाले?"

"आजी, वाक्य होय नुसतं."

"वाक्यात साहेब आला तर कुठून तरी आला असन ना?"

"तुले नाही समजत त्यातलं."

मले नाही समजत. तीस वर्षं भाजीचं दुकान मांडून बसली मी. गिऱ्हाईक नुसतं 'कशी दिली' म्हणे, तर त्याच्या आवाजावरून सांगत होती की घेते का फिरते. अन् मले नाही समजत.

प्रॅक्टिसले मी बी थोडी मदत केली तिले. ते जाऊ दे.

पाच तारखेले पौर्णिमा होती, आम्ही दोघी विहारात गेलो. सगळे पंचशील म्हणून राहिले होते. पहिलं तिनं म्हटलं. दुसऱ्याले, न दिलेलं घेणार नाही, तिथं तिचे ओठ बंद झाले. तिसरं म्हटलं. चौथ्याले, खोटं बोलणार नाही, पुन्हा बंद. पाचवं म्हटलं. आजूबाजूच्या कोणाले समजलं नाही. चार वर्षांची होती तेव्हा तू तिले मांडीवर घेऊन पाठ करून घेतलं होतं, एक अक्षर चुकत नव्हती. आता विसरली असं तर नाही होणार.

घरी येऊन म्हटलं, "सोडून दे नोकरी."

"सोडता नाही येत, आजी."

"काहून? लगन लावलं का त्यायच्याशी?"

"माझ्या मार्कशिटा त्यायच्यापाशी आहे. ओरिजनल."

"दुसऱ्या काढता येते."

मग म्हणे, "माझा आवाज बी आहे त्यायच्यापाशी. सारे कॉल रेकॉर्ड करून ठेवले आहे."

आता तिले बाहेरदेशी धाडाचं चालू आहे. पासपोर्ट कंपनीनंच काढला अन् कंपनीनंच ठेवून घेतला. तिकडे मोठं हापिस आहे म्हणे, तिथंच राहाचं, तिथंच जेवाचं. कधी परत येणार, विचारलं तर म्हणते सरानं नाही सांगतलं.

तर तू ये अन् तिले घेऊन जा. तीन वर्षांआधी मीच तिले तुझ्या वावरातून उचलून आणलं. 'तुझ्यापाशी राहिली तर संत्री तोडत मरन' असं तुझ्या सासूसमोर, चारचौघात म्हटलं होतं. मी म्हटलेलं मले ठाऊक आहे. माफी मागाची सवय नाही, म्हणून मागत नाही. तू मांगं पाहू नोको, ये.

तुझी आई
तुळसाबाई


मनीषनगर
१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सुमती,

तुमच्या गावचा धोंडबा आज कळमन्याच्या बाजारात माल घेऊन आला, त्याच्या हाती तू संत्र्याची पेटी धाडली. पेटी उघडली, एकेक संत्रं काढून बुडापर्यंत पाहिलं. चिठ्ठी नव्हती. तू वाचलं, एवढं समजलं. संत्री गोड आहे.

धोंडबा पाच वाजता परत निघते, त्याच्याच हाती हा कागद देते. घाईत लिहून राहिली, अक्षर पाहू नोको. मागच्या पत्रात मी तुले अर्धं सांगतलं. उरलेलं अर्धं माझं आहे, म्हणून राहून गेलं होतं.

'मी बी थोडी मदत केली' असं लिहिलं ना, ती मदत अशी.

ऑगस्टातली गोष्ट. मेघा म्हणाली, "आजी, प्रॅक्टिस कराची आहे. मी आतल्या खोलीतून तुले फोन करते. तू म्हातारी हो."

म्हटलं, "व्हाचं काय राहिलं त्यात?"

"तशी नाही. एकटी राहणारी. शिकलेली. भेवणारी."

तिनं मले सांगतलं होतं की कंपनी म्हाताऱ्या माणसायले फसवणाऱ्यायपासून सावध करते, म्हणून पहिले नकली फोन करून पाहा लागते, कोण फसते अन् कोण नाही. मले पटलं. फोन वाजला. "मॅडम, तुमच्या नावाचं पार्सल पकडलं आहे. कीप युवर कॅमेरा ऑन."

"तुह्या बापानं धाडलं का पार्सल? ठेव फोन, मुर्द्या."

आतून ओरडली, "आजी! असं कोणी बोलत नाही!"

"मी तर बोलली."

"सगळ्या म्हाताऱ्या तुयासारख्या नाही राहत."

"मग कोणासारख्या राहते?"

अन् मले पुष्पलताबाई सुचली. नकला मले पहिल्यापासून जमते, तुले ठाऊक आहे. मी पुष्पलताबाई झाली. तिच्यासारखी मान वाकडी करून, तिच्यासारखं 'हो का, हो का' करत. अन् पोरीले सांगाले लागली की अशा बाईले कसं धराचं.

म्हटलं, तिले जेलाचा धाक घालू नोको, स्वतःसाठी म्हातारी भेत नाही, तिचं काय राहिलं आता? पोराचं नाव घे. पोरगा कॅनडात आहे, त्याचा फोन चुकन म्हणून ती मोबाइल उरावर ठेवून झोपते, कधी बंद करत नाही. पहिले इंग्रजी फेक, म्हणजे तिले वाटन कोणी मोठा साहेब होय. मग इंग्रजी सोडून दे. मराठीत हळूच विचार, 'आई, तुम्ही जेवल्या का? औषध घेतलं का? पाणी जवळ घेऊन बसा.' ह्या एका वाक्यानं ती बांधली जाईन. दिवसभरात तिले जेवली का म्हणून विचारणारं कोण आहे?

मेघानं वही काढली. "पुन्हा सांग, आजी. हळू सांग."

सुमती, उभ्या जन्मात माझं बोलणं कोणी लिहून नाही घेतलं. तुझ्या बाबानं नाही, तू तर नाहीच. अन् बी. ए. झालेली पोरगी पेन घेऊन समोर बसली, पुन्हा सांग म्हणते. आठ दिवस मी शिकवलं तिले.

मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. सावध कराचं असन तर दार उघडा, शेजाऱ्याले बोलवा, असं सांगा लागते. दार लावून ठेवा, असं नाही सांगत. हे समजलं, अन् तिसऱ्या दिवशी मी केस विंचरून तिची वाट पाहत बसली.

दर शनिवारी तो सर सगळ्यायच्या वह्यायचे फोटो काढून घेते. तसं माझंबी बोलणं गेलं.

आता ३० ऑक्टोबरचं सांगते, गुरुवारचं. पुष्पलताबाई दोन दिवस खाली दिसली नव्हती. मी गुडघे धरत वर गेली. दारापुढं दुधाच्या दोन पिशव्या पडलेल्या. वाजवाले हात उचलला, तर आतून माणसाचा आवाज आला. फोनातला. गोड आवाज, मराठी.

"आई, तुम्ही जेवल्या का? औषध घेतलं का? पाणी जवळ घेऊन बसा."

अन् पुष्पलताबाई म्हणाली, "हो साहेब."

माझा हात वरच राहिला. दार वाजवलं तर ती उघडन. उघडलं तर मी सांगन. सांगतलं तर पोलीस येईन, वही निघन, वहीतून मेघा निघन. एवढं सारं एका दमात डोक्यात आलं. म्हातारीचं डोकं लोकायले वाटते तेवढं मंद नसते.

मी नाही वाजवलं.

दुधाच्या पिशव्या उचलून कडीले अडकवल्या, मांजर फोडन म्हणून. खाली आली. कणीक भिजवली.

शनिवारी तिच्या पोरानं कॅनडाहून चौकीदाराले फोन केला, म्हणे आईचा फोन चार दिवसांपासून बिझी लागते. मग दार तोडलं. फोनातल्या कॅमेऱ्यापुढं खुर्चीत ताठ बसली होती, इस्त्रीची साडी नेसून, कारण त्यायनं सांगतलं होतं की आज कोर्टापुढं उभं राहाचं आहे. जे होतं ते सारं देऊन बसली. पाय सुजून खांब झाले होते.

काल दवाखान्यात पाहाले गेली मी. विचारलं, पाणी पाहिजे का. तिनं पहिले टेबलावरच्या फोनाकडे पाहिलं. बंद पडलेला फोन. त्याच्याकडे पाहून, थांबून, मग मान हलवली.

पोलिसायनं बिल्डिंगमध्ये सगळ्यायले विचारलं. मले विचारलं, आजी, तुम्ही खालीच राहता, काही ऐकलं का? मी म्हटलं, मले काही ठाऊक नाही. तो पोट्टा शिपाई होता, 'आराम करा' म्हणून गेला.

पौर्णिमेले मेघाचे ओठ बंद झाले असं तुले लिहिलं. मले ते दिसलं कसं? सगळे डोळे मिटून म्हणते. मीबी म्हणत नव्हती, म्हणून दिसलं.

परवा बुधवारी मी तिले समोर बसवलं. "वरच्या बाईचं तुले ठाऊक होतं?"

"मी नाव नव्हतं दिलं, आजी. वहीत नुसतं 'दुसऱ्या मजल्यावरची' लिहिलं होतं. सरानं विचारलं, कुठला दुसरा मजला."

"अन् तू सांगतलं."

ती नखानं चटईची काडी सोलत राहिली.

म्हटलं, "सोमवारी ठाण्यात जाऊ."

"मले धरतीन."

"हो."

"अन् तुले?"

"मलेबी. म्हातारी म्हणून बसाले खुर्ची देतीन, एवढाच फरक."

मी हासवाले म्हटलं होतं. ती उठली, आतल्या खोलीत गेली, कडी लावली. तेव्हापासून हापिसात गेली नाही. रात्रीचं ताट दाराशी ठेवते, सकाळी अर्धं खाल्लेलं भेटते. तिचा फोन आत वाजते, थांबते, पुन्हा वाजते. काल तिनं तो गादीखाली कोंबला असन, कारण आता नुसती घरघर ऐकू येते, जसं भिंतीत काही अडकलं आहे.

अन् कालपासून खाली किराणा दुकानापुढं एक मोटरसायकल उभी आहे. दोन पोट्टे. काही घेत नाही, कुठं जात नाही. आज सकाळी त्यातला एक वर आला. दारातून लवून नमस्कार केला मले. म्हणे, "आजी, मेघा मॅडमची तब्येत बरी आहे का? सरांनी विचारलं. मंगळवारी फ्लाइट आहे त्यायची." मी म्हटलं, घरी नाही ती, गावी गेली. तो हासला. म्हणे, "गावी म्हणजे नरखेडकडे ना? आईकडे?"

तर त्यायले तुझंबी गाव ठाऊक आहे.

म्हणून मागच्या पत्रात लिहिलं होतं की ये अन् तिले घेऊन जा, ते खोडून टाक. तुझ्या वावरात ती लपणार नाही. अन् लपवू बी नोको. तिकडच्या हापिसात गेली तर परत येणार नाही, अन् इथंच राहिली तर आणखी कोणाच्या तरी दाराआड तिचा आवाज बसलेला राहीन. तिसरी जागा मले एकच दिसते, अन् तिथं पाटी आहे.

ठाण्याची पायरी ती माझा हात धरून नाही चढणार. मीच उतरवलं तिले. तुझा धरन. धरन का नाही, तेबी मले पक्कं नाही ठाऊक, पण आजवर तिनं घाबरून कोणाले हाक मारली असन तर तुलेच. परवा कडीच्या आत झोपेत मारली. मी दाराशी बसली होती, मी ऐकली.

रविवारी येता आलं तर ये. नाही तर सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं. बसस्टँडवरून ऑटो कर, मनीषनगरात आली की खालून हाक मार. फोन करू नोको, मोठ्यानं हाक मार, सगळ्या बिल्डिंगले ऐकू जाऊ दे. त्या दोन पोट्ट्यायच्या समोरून ये.

सोमवारी अकरा वाजता निघू. तू आली तर आपण तिघी. नाही आली तर ती अन् मी. तिनं कडी नाही काढली, तर मी एकटी. साहेब विचारन, यायले हे कोणी शिकवलं. पोरीचं नाव मी पहिले नाही सांगणार.

धोंडबानं हाक मारली. थांबते.

तुळसाबाई देवराव गजभिये
वय बहात्तर
दार मी वाजवलं नाही, हे माझ्या हातानं लिहून देते